पेट्रोलचा दिवा वेळेआधी लागतो: फ्लोट, वायरिंग की मुळात दोषच नाही?

बावधनकर

२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअलप्रमाणे टाकी ३७ लिटरची. पिवळा दिवा लागल्या लागल्या ऑटो कटपर्यंत भरलं तर आकडे असे येतात: २५.४, २६.१, २५.७ लिटर. तिन्ही वेळा पंप तोच, नोझल तोच. म्हणजे दिवा लागतो तेव्हा टाकीत साधारण ११ लिटर पेट्रोल शिल्लक असतं. भरल्यावर काटा एफला टेकत नाही, अर्धं घर खालीच थांबतो. टाकी किंवा मीटर कधी उघडलेलं नाही, सीएनजी नाही. सर्व्हिसवाल्यांचं म्हणणं, "दिवा लवकर लागलेला बराच." नेमकं काय तपासावं आणि कुठल्या क्रमाने?

ओहममीटर

आधी मोजलंत आणि मग विचारलंत, त्यामुळे अर्धं काम झालं आहे.

३७ लिटरच्या टाकीला दिवा लागताना साधारण ५ ते ७ लिटर शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे. त्यामागे कारण आहे. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलनेच थंड होतो. शिवाय तळातलं शेवटचं लिटरभर पेट्रोल पंपाला नीट ओढता येत नाही. वळणावर ते एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. त्यामुळे ६-७ लिटरला दिवा लागला तर तो दोष नाही. ११ लिटरला लागतो हा मात्र दोषच, "चांगलंच आहे" म्हणून सोडून देऊ नका. आज ११ ला लागणारा दिवा उद्या कितीला लागेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि काट्यावरचा भरवसा गेला की माणूस दिव्याकडे बघायचंच सोडतो.

आता रचना. टाकीत एका दांडीवर पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट असतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला छोटे स्पर्शक असतात, ते सिरॅमिकच्या पट्टीवर छापलेल्या रोधावर सरकतात. पातळी बदलली की ओहम बदलतात, आणि मीटर त्या ओहमवरून काटा हलवतो. जुन्या गाड्यांत दिव्यासाठी टाकीत वेगळा थर्मिस्टर असायचा. पेट्रोलमध्ये बुडालेला असेतो थंड राहायचा, उघडा पडला की तापायचा, त्याचा रोध उतरायचा आणि दिवा लागायचा. तुमच्या गाडीच्या काळात तसं वेगळं काही नसतं; काटा आणि दिवा एकाच फ्लोटच्या वाचनावर चालतात. म्हणून काटा खाली दाखवत असेल तर दिवाही लवकरच लागणार.

तुमच्या वर्णनातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे काटा एफला टेकत नाही. पट्टी खालच्या भागात झिजली असती तर फक्त रिकाम्याकडचं वाचन बिघडलं असतं, भरलेली टाकी बरोबर दिसली असती. इथे दोन्ही टोकं एकाच दिशेला सरकली आहेत. याची कारणं तीन: फ्लोट जड झाला किंवा दांडी वाकली, तारेत कुठेतरी जादा रोध आला, किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्हची तार) खराब झाली.

घाटवाट

मोजताना गाडी सपाटीवर होती का, हेही बघा. फ्लोट टाकीच्या मधोमध नसतो. समजा तो मध्यापासून १५ सेंटिमीटर एका बाजूला आहे. १० टक्के चढावर (सिंहगडाच्या घाटात याहून उभे तुकडे आहेत) त्या जागी पातळी १५ मिलिमीटरने बदलते. ३७ लिटरची टाकी २० सेंटिमीटर खोल धरली तर १ मिलिमीटर म्हणजे १८५ मिली, आणि १५ मिलिमीटर म्हणजे पावणेतीन लिटर. कात्रज किंवा खंबाटकी चढताना दिवा लागतो आणि पलीकडे उतरल्यावर विझतो, तो यामुळेच. हा बिघाड नव्हे.

पेट्रोल हिंदकळल्यावर काटा नाचू नये म्हणून मीटर काही मिनिटांची सरासरी घेतो. पण चावी फिरवल्या क्षणी मात्र तो पटकन वाचन घेतो. सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या रॅम्पवर गाडी उभी करून चावी लावली, तर ते वाकडं वाचन रस्त्याला लागल्यावरही बराच वेळ चिकटून राहतं.

बावधनकर

तिन्ही वेळा सपाटीवर. दिवा हायवेला लागला, घाटात नाही.

पेट्रोलपुराण

ई-२० चा (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) विचार झाला का? २०२३ पासून ते पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. गाडीचं अ‍ॅव्हरेज उतरतं, म्हणून "किती किलोमीटर जाईल" हा आकडाही लवकर शून्याकडे जातो.

ओहममीटर

अ‍ॅव्हरेज उतरतं हे खरं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. हिशेब केला तर ई-२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा लिटरमागे जवळजवळ ७ टक्के आणि ई-१० पेक्षा साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. पण दिवा अ‍ॅव्हरेज बघत नाही, पातळी बघतो. धाग्यातला प्रश्न लिटरचा आहे, किलोमीटरचा नाही. या दोन गोष्टी एकत्र केल्या की लोक चांगला फ्लोट बदलून बसतात.

"किती किलोमीटर जाईल" हा आकडा म्हणजे शिल्लक लिटर गुणिले अलीकडच्या प्रवासाचं अ‍ॅव्हरेज. हिंजवडीच्या गर्दीत आठवडा काढून एक्स्प्रेसवेला लागलात तर तो आकडा चालताना वाढेल. उलट आलात तर धपाधप उतरेल. त्याच्यावरून फ्लोटची परीक्षा करू नये.

इथेनॉलमुळे गडबड होते ती कपॅसिटिव्ह सेन्सरमध्ये. ट्रक आणि जनरेटरच्या टाकीत डिझेलचोरी पकडायला जो उभा दांडा बसवतात, तो या प्रकारचा. पेट्रोलचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २ च्या आसपास, इथेनॉलचा २४ च्या आसपास, त्यामुळे मिश्रण बदललं की असला सेन्सर चुकतो. गाडीतल्या फ्लोटला याचं सोयरसुतक नाही.

नानापेठी

थेट टँक युनिट बदला. नाना पेठेत या गाड्यांचे फ्लोट सुटे मिळतात, पूर्ण पंप मॉड्यूल (पंप आणि फ्लोटचा एकत्र जोड) घ्यायची गरज नाही. फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो, ही जुनी तक्रार आहे.

ओहममीटर

आधी तपास, मग खरेदी. फरक किती आहे बघा: दिवा लागताना ६.५ लिटरच्या जागी सरासरी ११.३, म्हणजे पावणेपाच लिटर. वर घाटवाट यांनी मांडलेल्या हिशेबाने हे २५ मिलिमीटर होतात. मुळात फ्लोटचीच जाडी तेवढी असते. तो कितीही पेट्रोल प्यायला तरी इतका खाली जाण्याआधी बुडूनच जाईल, आणि मग काटा कायमचा ई वर बसेल. दांडी २५ मिलिमीटर वाकायची तर कोणीतरी मॉड्यूल बाहेर काढून परत घालताना ती अडकवायला हवी. इथे टाकी उघडलेलीच नाही. राहता राहिली वायरिंग आणि अर्थ.

बावधनकर, टाकी न उघडता करता येण्यासारखी पहिली चाचणी सांगतो. सपाटीवर, अर्ध्याच्या वर पेट्रोल असताना, रात्रभर उभी असलेली गाडी घ्या. चावी इग्निशनला लावा, इंजिन चालू करू नका. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबेल. एक मिनिट थांबून काटा कुठे आहे त्याचा फोटो घ्या. आता इंजिन चालू करा, गाडी जागेवरच ठेवा, पंधरा मिनिटं तशीच राहू द्या आणि पुन्हा फोटो घ्या. मोकळ्या जागेत करा, बंद पार्किंगमध्ये नको. काटा खाली सरकला असेल तर इथे परत या.

भोसरीकर

टाकीला खालून मार बसलाय का, तेही बघावं. गतिरोधकावर किंवा खड्ड्यात टाकी घासते. पंप मॉड्यूलला स्प्रिंग असते आणि तो कायम तळावर दाबून बसलेला असतो. मॉड्यूलच्या बरोबर खालीच तळ वर आला तर मॉड्यूल वर सरकतं, पण पेट्रोलची पातळी तिथेच राहते, म्हणून काटा कमी दाखवतो आणि दिवा लवकर लागतो. पोचा दुसऱ्या बाजूला असेल तर उलट होतं: जागा कमी झाल्यामुळे तेवढ्याच पेट्रोलची पातळी वर चढते आणि काटा जास्त दाखवतो. गाडी रॅम्पवर घेतली की टॉर्चने दोन मिनिटांत कळतं.

डिझेलवाला

डिझेल गाड्यांसाठी एक जोड. बीएस-६ डिझेलच्या अनेक गाड्यांत दिवा लागलेला असताना डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) काजळी जाळण्याची प्रक्रिया सुरूच होत नाही, कारण तिला जादा डिझेल लागतं. म्हणजे दिवा खोटा लागत असला तरी गाडी त्याला खरा धरते. शहरात थोडं थोडं चालणाऱ्या गाडीची काजळी साठत जाते आणि मूळ कारण फ्लोट आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. डिझेलचा दिवा "असाच लागतो" म्हणून चालवून घेऊ नये.

घरगुतीजुगाड

टाकी न उघडता सोपा उपाय आहे. फ्लोटच्या तारेला समांतर १००० ओहमचा रोध जोडा. ज्या गाडीत रिकाम्या टाकीला ११० ओहम आणि भरलेल्याला ३ ओहम आहेत, तिथे ११० चे ९९ होतात आणि ३ चे ३ च राहतात. दिवा उशिरा लागतो.

ओहममीटर

गणित बरोबर, उपाय घातक. ३ पासून ११० पर्यंत ३७ लिटर धरले तर ११ ओहमचा फरक म्हणजे पावणेचार लिटर, आणि तो सगळा रिकाम्या टोकाला पडतो. टाकी कोरडी झाली तरी मीटरला ९९ च ओहम दिसणार, म्हणजे काटा ई ला कधीच जाणार नाही. एक्स्प्रेसवेवर चालत्या लेनमध्ये गाडी बंद पडण्याची ही तयारी आहे. शिवाय मूळ दोष अर्थचा असेल तर तो वाढतच जाणार, त्याला रोध लावून झाकता येत नाही. कृपया कोणी हे करू नका.

आणखी एक गोष्ट: सगळ्या गाड्यांत रिकामं म्हणजे जास्त ओहम असं नसतं. बाजारातल्या जोड-मीटरांचंच बघा. युरोपीय मापात रिकामं १० आणि भरलेलं १८०, तर अमेरिकी मापात रिकामं २४० आणि भरलेलं ३३. पहिल्या प्रकारात तारेत रोध वाढला की काटा वर जातो, दुसऱ्यात खाली. म्हणून आपल्या गाडीचा प्रकार कळल्याशिवाय दोषाची दिशा लावता येत नाही.

कोथरूडकरीण

स्कॅनर असेल तर आणखी एक वाट आहे. ओबीडीच्या (गाडीचे दोष वाचण्याच्या) १६ पिनच्या सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावा आणि "फ्यूएल लेव्हल इनपुट" हे वाचन बघा (पीआयडी २एफ). ते टक्क्यांत येतं. सगळ्या गाड्या हे देत नाहीत, पण दिलं तर काटा आणि आकडा यांची तुलना होते. आकडा बरोबर आणि काटा चुकीचा असेल तर दोष मीटरमध्ये. दोन्ही सारखेच चुकीचे असतील तर दोष टाकीकडे किंवा तारांमध्ये. कोडही वाचून घ्या: पी-०४६१ म्हणजे वाचन पटण्यासारखं नाही, ०४६२ सिग्नल खाली, ०४६३ सिग्नल वर, ०४६४ तुटक. कोड नाही म्हणजे दोष नाही असं मात्र समजू नका. सरकलेलं पण सलग येणारं वाचन गाडीला खरंच वाटतं.

बावधनकर

ओहममीटर, तुमची चाचणी केली. इंजिन बंद, चावी इग्निशनला: काटा पाऊण टाकीच्या रेघेवर. इंजिन चालू करून पंधरा मिनिटांनी: पाऊणच्या खाली, अर्ध्यापासून अर्धं घर वर. गाडी जागची हलली नाही. पंधरा मिनिटांत जागेवर एवढं पेट्रोल जळणार नाही. टाकी खालून बघितली, पोचा नाही. डोंगलमध्येही आकडा तसाच उतरला.

ओहममीटर

मग दोष जवळपास पकडलाच. पंप चालू असताना काटा उतरतो म्हणजे पंप आणि फ्लोट यांची अर्थ एकच आहे आणि ती खराब झाली आहे.

कारण समजून घ्या, कारण याच जागी बहुतेक मेकॅनिक चुकतात. मॉड्यूलच्या कपलरला (तारांच्या प्लगला) सहसा चार पिना असतात: दोन जाड पंपाच्या, दोन बारीक फ्लोटच्या. काही गाड्यांत फ्लोटची अर्थ वेगळी थेट मीटरकडे जाते. काहींत ती पंपाच्या अर्थला मिळते आणि दोन्ही मिळून बॉडीच्या एकाच बोल्टला लागतात. पंप ४ ते ५ अँपिअर ओढतो. त्या बोल्टखाली गंज चढून ०.२ ओहम रोध आला की ४.५ अँपिअरला ०.९ व्होल्ट तिथेच अडकतात. फ्लोटच्या सिग्नलची अख्खी पट्टीच काही व्होल्टची, त्यात हे ०.९ मिसळले की मीटरला टाकी रिकामी भासते. मल्टिमीटरने ओहम मोजले तर ०.२ मध्ये काही दिसत नाही, कारण प्रोबचेच तेवढे असतात. म्हणून ओहम मोजायचे नाहीत, पंप चालू ठेवून व्होल्ट मोजायचे.

कृती: मागच्या सीटची गादी उचला. खाली गोल किंवा चौकोनी झाकण असेल तर ते काढा, कपलर दिसेल. तो उपसू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या छोट्या रेंजला लावा. काळा प्रोब लांब तारेने बॅटरीच्या निगेटिव्हला. लाल प्रोबची बारीक सुई कपलरच्या मागून अर्थच्या पिनेला टेकवा. इंजिन चालू. वाचन ०.१ व्होल्टच्या आत हवं. त्याहून जास्त आलं तर तोच लाल प्रोब आता त्या अर्थच्या बोल्टच्या डोक्यावर, मग बोल्टशेजारच्या उघड्या पत्र्यावर टेकवा. ज्या दोन जागांमध्ये व्होल्ट एकदम पडतात, तिथे गंज.

काम करताना गाडीचे दरवाजे उघडे, मोकळी जागा, हाताशी डीसीपी किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक. झाकणाखाली पेट्रोलचा वास येत असेल किंवा ओल असेल तर इंजिन चालू करायचंच नाही, तिथेच थांबायचं.

ज्यांच्या गाडीत झाकण नाही, त्यांना कपलरपर्यंत जायला टाकी उतरवावी लागते. त्यांनी आधी वायरिंगच्या डायग्रामवरून अर्थचा बोल्ट शोधावा. तो बहुतेकदा सीटखाली, दाराच्या उंबरठ्याजवळ किंवा डिकीच्या पत्र्यावर असतो, तिथूनच मोजता येतं.

सीएनजीप्रेमी

सीएनजीवाल्यांसाठी थोडं. आपल्याकडे चार ठिपके दिसतात ते पातळीचे नसून दाबाचे. २०० बारला भरलेला गॅस गरम असतो. ५० अंशांवरून ३० वर आला की आदर्श वायूच्या नियमानेही २०० चे १८८ बार होतात, एक थेंबही न जळता. त्यामुळे पहिला ठिपका लवकर जाणं ठीक. पण गॅसवर चालवतो म्हणून पेट्रोलचा दिवा लागलेलाच ठेवणं चुकीचं: गाडी सुरू पेट्रोलवर होते, आणि काही किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप फिरत राहतो. कोरडा फिरला की जळतो. निदान ८-१० लिटर ठेवा आणि महिन्यातून एकदा ते वापरा. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं.

पेट्रोलपुराण

मोजमाप करणाऱ्यांसाठी: नोझलच्या टोकाजवळ बारीक भोक असतं, ते पेट्रोलने झाकलं की आतला व्हॅक्यूम खटका पाडतो. जोरात भरलं तर फेसानेही खटका लवकर पडतो, म्हणून लिटरभर इकडेतिकडे होणारच. मंद वेगाने भरायला सांगा. खटक्यानंतर गोल आकडा करायला आणखी घालू नका, पेट्रोल कॅनिस्टरमध्ये (टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात) जातं आणि कोळसा भिजतो. पंपाच्या मापावरच शंका असेल तर प्रत्येक पंपावर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं, ते मागता येतं. ५ लिटरला २५ मिली फरक चालतो.

बावधनकर

वाचनं: कपलरच्या अर्थ पिनेवर ०.६२ व्होल्ट. बोल्टच्या डोक्यावर ०.५८. शेजारचा पत्रा खरवडून तिथे ०.०३. म्हणजे सगळा दोष बोल्ट आणि पत्रा यांच्यामध्ये. बोल्ट उजव्या उंबरठ्याजवळ आहे, गालिच्याखाली ओल होती.

बॅटरीची निगेटिव्ह काढून बोल्ट सोडवला. रिंगखाली तपकिरी पूड होती. पॉलिश पेपरने पत्रा आणि रिंग चकचकीत केली, नवा बोल्ट आणि दातेरी वॉशर लावला. आता पिनेवर ०.०५ व्होल्ट. टाकी भरल्यावर काटा एफला टेकतो. दिवा लागल्यावर भरलं तर ३०.३ लिटर बसलं.

ओहममीटर

३७ वजा ३०.३ म्हणजे ६.७ लिटर. अगदी जिथे हवं तिथे. फ्लोटला हात लावू नका.

दोन कामं राहिली आहेत. जोड घट्ट झाल्यावर त्याच्या वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस किंवा साधी पेट्रोलियम जेली फासा. ती मध्ये नको, वरून हवी. आणि गालिच्याखालची ओल कुठून आली ते शोधा. दाराच्या आतलं प्लास्टिक सुटलं किंवा दाराच्या तळातली पाणी जायची भोकं मातीने बुजली की पावसाचं पाणी उंबरठ्यावरून आत येतं. भोकं तारेने मोकळी करा, पाण्याचा पाइप काचेवर पाच मिनिटं धरून आत हात फिरवून बघा. ओल तशीच राहिली तर दोन पावसाळ्यांत त्याच बोल्टखाली पुन्हा पूड जमेल.

नानापेठी

दारातलं ते प्लास्टिक चिकटवायला काळी ब्यूटिल टेप घ्या. साधा रबरी डिंक उन्हात सुटतो.